वेदना वजा केली तर

मासे खाणाऱ्या कुणाही मराठी माणसाला एक प्रश्न विचारून पाहा. मासा पकडून खाणारा जास्त क्रूर, की पकडून पुन्हा पाण्यात सोडणारा? हिशोब मांडला तर उत्तर सोपं आहे. पहिल्याचा मासा मरतो, दुसऱ्याचा जगतो. तरीही मी ज्यांना ज्यांना हे विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी जरा घुटमळून दुसऱ्याकडेच बोट दाखवलं. पुण्याहून फोनवर बोलणारी माझी आई तर घुटमळलीही नाही. "खायचा नाही, तर त्या मुक्या जिवाला छळायचं कशाला? खेळायचंच असेल तर पत्ते खेळ म्हणावं त्याला!"

'त्याला' म्हणजे माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला. तुमचंही उत्तर आईसारखंच असेल, तर तुमच्या बाजूनेच मी सुरुवात करते आहे. मात्र ते उत्तर का बरोबर आहे, हे नीट मांडायला बसलं की गुंता सुरू होतो. तोच इथे सोडवून बघायचा आहे.

मी अल रय्यानमध्ये, एज्युकेशन सिटीत काम करते. विषय आहे समुद्राचं पाणी गोडं करणारी पटलं, म्हणजे मेम्ब्रेन. कतारमध्ये एकही नदी नाही आणि नळाचं पाणी जवळजवळ सगळं समुद्रातून काढलेलं. अशा ठिकाणी गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर वाद व्हावा हे जरा गमतीचंच. पण जानेवारीत इथे पहाटे पारा १४-१५ अंशांवर उतरतो, लोक जाड कोट घालून कडक चहा पीत उभे राहतात, आणि तेव्हा वुल्वरहॅम्प्टनजवळच्या या सहकाऱ्याला घरची आठवण येते. त्याच्या गावच्या कालव्याच्या काठाला आत्ता बर्फाचा पापुद्रा असेल, आणि त्याचे मित्र पेटीवर बसून गळ टाकत असतील. त्याला क्रिकेट आठवत नाही, पब आठवत नाही, हे आठवतं.

तुमच्यापैकी जे लंडनच्या बाजूला ग्रँड युनियन कालव्याकाठी किंवा न्यू जर्सीत डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठी फिरायला जातात, त्यांनी असे लोक पाहिलेले असतील. पाण्यावर वाकलेला, तासन्‌तास न हलणारा माणूस. एखादा बोटभर मासा काढतो, बघतो, सोडून देतो. आपण "काय वेड!" म्हणून पुढे जातो.

या वेडाला इंग्रजीत 'कोर्स फिशिंग' म्हणतात. कोर्स म्हणजे जाडंभरडं. सॅमन आणि ट्राउट हे उमरावांच्या ताटातले मासे, म्हणून ते 'गेम'. रोच, पर्च, ब्रीम, पाइक वगैरे बाकीचे सगळे कोर्स. सॅमनची नदी जमीनदाराच्या मालकीची, पण कोळसा वाहण्यासाठी खणलेले कालवे कारखान्यांच्या दारातून जायचे. बर्मिंगहॅम, शेफील्ड, लीड्सचे कामगार रविवारी त्यांच्या काठी बसू लागले. म्हणजे हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा शौक नव्हे. आठवडाभर भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांची ही सुट्टी होती.

आणि हिवाळा हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याच्या शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात; दिवसभरात एखादा घास पुरतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून संथ पाण्यात त्यातल्या त्यात ऊब तळाशी. मासे तिथे, पुलाखाली किंवा नांगरलेल्या बोटींच्या आडोशाला गोळा होतात. त्यांना भुलवायचं तर तंगूस केसासारखा बारीक हवा, गळ तांदळाच्या दाण्याएवढा, आमिष म्हणजे एकच अळी नाहीतर पावाची टिकलीएवढी चकती. बोया पाण्याबाहेर जेमतेम ठिपक्याएवढा ठेवायचा, कारण थंडीतला मासा आमिष ओढत नाही, नुसतं ओठात धरतो. सगळा दिवस बसून कधी तीन मासे, कधी एकही नाही. मिळालेले मासे पाण्यात सोडून घरी.

सोडण्यालाही हिवाळा बरा. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ५ अंशांना लिटरमागे १२-१३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यामुळे दमलेला मासा गार पाण्यात लवकर सावरतो. उन्हाळ्यात सोडलेले मासे थंडीतल्यांपेक्षा जास्त दगावतात. म्हणजे पकडून सोडणाऱ्याची बाजू जितकी बळकट होऊ शकते, तितकी ती हिवाळ्यातल्या कालव्यावर होते. वाद घालायचा तर प्रतिपक्षाच्या सर्वांत चांगल्या उदाहरणाशी घालावा, म्हणून मी हेच उदाहरण घेते आहे.

पहिला प्रश्न अर्थातच, माशाला दुखतं का? २००३ साली एडिनबरोजवळच्या रॉसलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा सौम्य आम्ल टोचून पाहिलं. मासे तळाशी झुलत राहिले, ओठ खड्यांवर घासू लागले, आणि पुन्हा खायला लागायला त्यांना इतर माशांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. याच्या उलट, क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ब्रायन की यांचं म्हणणं असं की वेदना 'जाणवायला' मेंदूचं जे बाह्यपटल लागतं ते माशाला नाहीच; ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. वाद मिटलेला नाही. पण रस्त्यावर पडलेल्या पोत्यात मूल असण्याची थोडी जरी शक्यता असली, तरी आपण त्यावरून गाडी नेत नाही. शंकेचा फायदा माशाला द्यायला हवा, एवढं मी गृहीत धरते.

कायदेही इथे अडखळतात. जर्मनीच्या कायद्यानुसार 'वाजवी कारणा'शिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. खाणं हे कारण वाजवी, खेळ नाही. त्यामुळे निव्वळ सोडण्यासाठी मासा पकडणं तिथे गुन्हा ठरू शकतं. स्वित्झर्लंडने २००८ पासून सोडण्याच्या हेतूने गळ टाकण्यावर सरळ बंदी घातली आहे. ब्रिटनमध्ये मात्र २००६चा प्राणी कल्याण कायदा नेहमीच्या मासेमारीला लागूच होत नाही, आणि २०२२च्या कायद्याने सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांना, म्हणजे माशांनाही, संवेदनशील जीव मानलं आहे. मासा संवेदनशील आहे. गळाला असेपर्यंत सोडून.

जर्मन कायदा आईच्या बाजूचा. तिचं माहेर बारामतीजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. आवर्तन बंद झालं की कालव्याच्या तळाला, मोऱ्यांच्या तोंडाशी डबकी उरायची आणि माझे मामा जुनं लुगडं घेऊन त्यांत उतरायचे. मरळ, चिलापी, कधी वांब. संध्याकाळी घरात कालवण. तिथे कुणी मासा हातात घेऊन न्याहाळत बसलं नाही, आणि कुणी सोडूनही दिला नाही. इथे कतारमध्ये अल खोर, अल वकराच्या किनाऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळी प्लास्टिकच्या बाटलीला दोरी गुंडाळून बसलेले केरळचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे कामगार दिसतात. लागला तर खोलीवर रात्रीचं जेवण. यांना कुणी क्रूर म्हणणार नाही. गरज आहे.

पण मी? मला मासा खाण्याची गरज नाही. डाळ मिळते, अंडी मिळतात, पनीर मिळतं. उम्म सलालच्या बाजारातून मी सुरमई आणते ती चवीसाठी, आणि चव म्हणजे सुखच. सहकाऱ्याला काठावर बसून सुख मिळतं, मला ताटावर बसून. त्याच्या सुखात मासा जगतो, माझ्यात मरतो. 'गरज विरुद्ध मजा' ही भिंत मामांच्या बाबतीत भक्कम आहे. परदेशात पगार घेणाऱ्या माझ्या-तुमच्यासारख्यांच्या बाबतीत ती कोसळते.

मग आईला जाणवलेला फरक कशात आहे? मला एक कसोटी सुचते. तिला वजाबाकी म्हणू. माशाची वेदना आणि धडपड तेवढी कुणी जादूने काढून टाकली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर काय उरतं? माझ्या तळलेल्या सुरमईच्या चवीत काडीचाही फरक पडणार नाही. मला तिची वेदना नको होती, ती वाटेत आली. उलट गळाला लागलेल्या माशाची धडपड काढून टाकली तर खेळच संपतो. हाताला जाणवणारी ओढ हीच तर मजा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हाच भेद मांडला होता. वाईट गोष्ट साधन म्हणून वापरणं वेगळं, आणि ती दुष्परिणाम म्हणून घडणं वेगळं. आपल्याकडे म्हण आहेच, मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. आपल्याला टोचतो तो खेळ.

मी हे मोठ्या समाधानाने सहकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "धडपड हवी असती तर मी उन्हाळ्यात कार्पच्या तळ्यावर गेलो असतो. जानेवारीतला रोच ७०-८० ग्रॅमचा. ओल्या पानासारखा वर येतो. ओढ कसली?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी विचारलं, मग गळ नसलेली दोरी चालेल का? आमिष आहे, बोया आहे, मासा येतो, बोया हलतो, तुला कळतं की तुझा अंदाज खरा ठरला. बस. त्याने तेव्हा उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी म्हणाला, "नाही चालणार. कोण आलं होतं ते मला बघायचं असतं." त्या गढूळ तपकिरी पाण्यातून लाल परांचा चंदेरी मासा बाहेर येतो तो क्षण त्याला हवा असतो. पाण्याखाली कॅमेरा लाव म्हटलं तर हसला. "लग्नाला न जाता व्हिडिओ बघण्यासारखं आहे ते."

म्हणजे त्याला वेदना नको आहे, धडपडही नको आहे. त्याला भेट हवी आहे. हे मला खरं वाटतं, आणि इथे माझी वजाबाकी त्याला दोषी ठरवू शकत नाही.

पण भेटीचा एक दुसरा प्रकार आपल्याला माहीत आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचे मानलेले तिथले महसीर मासे कुणी मारत नाही. लोक खाऊ टाकतात आणि खोल पाण्यातून हातभर लांबीचे मासे वर येतात. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर कुरमुरे टाकताना तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल. आमिष आहे, वाट पाहणं आहे, "आला, आला!" हा आनंद आहे, आणि कोण आलं तेही दिसतं. फक्त गळ नाही. मासा आला तर आला. वाटलं तर तोंड फिरवून जातो.

या दोन भेटी शेजारी ठेवल्या की गळ नेमकं काय करतो ते दिसतं. टोचणं ही त्याची एक बाजू. दुसरी अशी, की तो माशाकडून नाही म्हणण्याची सोय काढून घेतो. भेट एकाला हवी असते, दुसऱ्याला तीत निवड नसते. माशाला 'निवड' कळते का, हे तत्त्वज्ञांवर सोडू. पण पळून जाण्याची त्याची धडपड हे एक प्रकारचं उत्तर आहेच, आणि ते मोडून काढण्यासाठीच गळाला बाक असतो.

हिवाळा इथे दोन्ही बाजूंनी बोलतो. एकीकडे भूक मंदावलेल्या, सुस्त जिवाला चिमूटभर पावाने फशी पाडण्यात सगळं कसब खर्च होतं. दुसरीकडे थंडीतला मासा बहुतेक वेळा नाहीच म्हणतो, आणि काठावरचा माणूस ते नाही तासन्‌तास मुकाट्याने ऐकून घेतो. सहकाऱ्याला आठवणारे निम्मे दिवस रिकाम्या हाताने परतल्याचे आहेत. त्या दिवसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या एका होकाराबद्दल, जो होकार नव्हता.

मग सोडून देण्याचं काय? ते पुण्य मानायला मी तयार नाही. आशियात अनेक देवळांबाहेर पिंजऱ्यातले पक्षी किंवा बादलीतले मासे विकायला असतात; पैसे देऊन सोडायचे आणि पुण्य जोडायचं. सोडणारे आहेत म्हणून पकडणारे आहेत. आपणच उभ्या केलेल्या संकटातून एखाद्याला वाचवलं तर हिशोब फार तर शून्यावर येतो.

इथवर आल्यावर मी जिंकले असं वाटून निबंध संपवता आला असता. पण वजाबाकीची कसोटी माझ्यावर अजून पुरती चालवलेलीच नाही. "मला सुरमईची वेदना नको होती" हे म्हणायला पैसे पडत नाहीत. ज्याला एखादी गोष्ट खरंच नको असते, तो ती टाळता येत असेल तिथे टाळतो. जपानमध्ये 'इकेजिमे' नावाची पद्धत आहे. मासा हाती येताच मेंदूत टोचून क्षणात मारतात. चवही चांगली राहते. उलट जाळ्यातले बहुतेक मासे दबून, गुदमरून, बर्फावर हळूहळू मरतात. वेदना वजा करणं जादूवर अवलंबून नाही, ते थोडं महाग आहे एवढंच. मासळीवाल्यासमोर उभं राहून आपण ताजेपणासाठी कल्ले उघडून बघतो, भावासाठी घासाघीस करतो. तो कसा मेला हे मी कुणालाही विचारताना ऐकलेलं नाही.

काठावरच्या माणसाने मात्र त्याच्या परीने वजाबाकी केलेली आहे. बिनकाट्याचा गळ, जो ओठ न फाडता निघतो. हात ओले करूनच माशाला धरणं. गारठ्यात मासा हवेत न आणता पाण्यातच सोडवणं. राजहंस विषबाधेने मरतात म्हणून १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये गळाला शिशाची लहान वजनं लावण्यावर बंदी आली, ती आज त्याला सवयीची आहे. विणीच्या काळात या जाडंभरड्या माशांना हात लावू नये हा कायदा १८७८ साली शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी आणला, म्हणजे गळ टाकणाऱ्या कामगारांच्याच शहरातून तो आला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी लोटत नाहीत, त्यातलं शहाणपण याच जातीचं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडायला हवी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डार्बीच्या एका अँगलिंग क्लबने डरवेंट नदी नासवल्याबद्दल एक मोठी कंपनी, वीजमंडळ आणि खुद्द नगरपालिका यांना कोर्टात खेचलं आणि मनाईहुकूम मिळवला. कारण मासे मेले हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं होतं. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, हळहळतो. ज्यांना एखाद्या पाण्यातला मासा आकारावरून, रंगावरून, कोणत्या पुलाखाली थांबतो यावरून ओळखता येतो, त्यांची हळहळ वेगळी असते. माशाला कधीच न त्रासणारा भूतदयावादी त्याला ओळखतही नसेल, तर नदी मरताना त्याच्या दयेचा माशाला उपयोग काय?

तर माझं उत्तर असं. गरज नसताना गळ टाकणं चूक आहे. हिवाळ्यातल्या कालव्यावर ती चूक लहान होते, पण नाहीशी होत नाही, आणि सोडून दिल्याने ती पुसली जात नाही. मात्र तो माणूस माझ्यापेक्षा जास्त क्रूर आहे, हे मी यापुढे म्हणणार नाही. तो एका माशाच्या डोळ्यात बघून चूक करतो. माझी चूक किलोवर मोजलेली, बर्फावर मांडलेली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातून झालेली असते, म्हणून ती मला दिसत नाही. न दिसण्याचं श्रेय मी स्वतःला देऊ शकत नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. आठवड्यातला मासा एकदाच, आणि घेताना विचारायचं: जाळ्यातला की दोरीवरचा? हामूर असेल तर तो बहुधा 'गरगूर' या तारेच्या घुमटाकार पिंजऱ्यातला असतो, हे मला अशा विचारण्यातूनच कळलं. पिंजऱ्यातलं मरण जाळ्यातल्यापेक्षा बरं की वाईट, हे मी अजून शोधते आहे. विक्रेता पहिल्यांदा हसला होता. आता तो मी विचारायच्या आधीच सांगतो. तुमच्या बाजारातही विचारून पाहा. उत्तर मिळालं तर तुमची वजाबाकी सुरू झाली, आणि तुमचा मासेवाला खांदे उडवून गप्प राहिला, तर तेही एक उत्तरच आहे. कालव्याकाठी बसलेल्या माणसाकडे पुढच्या वेळी बघाल तेव्हा ते सोबत असू द्या.